कापसामागची कॉन्टेसा

७ नोव्हेंबर २००५
अखेर कॉन्टेसा घरी आली. शेटजी कापसाची जिनिंग फॅक्टरी बंद करून रायपूरला चालले. जाताना म्हणे, नंदकिशोर, हेडक्लार्क म्हणून इतकी वर्षं काढली, गाडी तूच ने. अख्ख्या फुलसावंगीत अशी गाडी नाही. लांब नाक, रुंद छाती! चढावर जरा दम लागतो. एक सायकलवाला पुढे निघून गेला. वय झालं तिचं, बाकी काही नाही. इंजिनात ताकद भरायची, तीही स्वस्तात. मला डोकं आहे आणि जिन बंद असल्यामुळे वेळही आहे.
बायको, रजनी, म्हणाली, नोकरी गेली अन् गाडी आली. बायकांना मशिनरीतलं कळत नाही.

११ नोव्हेंबर
प्लॅन फायनल. इंजिनाचं हेड, म्हणजे वरचं झाकण, घासून प्लेन करायचं, म्हणजे कॉम्प्रेशन वाढतं. भंगारातून मोठा कार्बोरेटर. सायलेन्सर काढून सरळ जाड पाइप. हरिसिंग मिस्त्री ट्रॅक्टर आणि पंपाची इंजिनं करतो, कॉन्टेसा त्यानं पहिल्यांदाच पाहिली. म्हणे, होऊन जाते ना साहेब, इंजिन तं इंजिन. असाच पॉझिटिव्ह माणूस पाहिजे. संध्याकाळपर्यंत सगळं उघडलं. आठ दिवसांचं काम.

१९ नोव्हेंबर
भगवानरावदादा, म्हणजे माझा मोठा भाऊ, शेती पाहतो. भाव वाढल्याशिवाय कापूस विकत नाही म्हणे. घरातल्या दोन खोल्या भरल्या, आता शेडमध्ये टाकू का म्हणून विचारलं. गाडी शेडमध्ये आतल्या अंगाला, दारापुढची जागा रिकामीच. हेड नसताना गाडी जाणार कुठं? टाक म्हटलं.

४ डिसेंबर
गाडी दिसत नाही. कापूस पत्र्यांना टेकला. हरिसिंग शेडच्या मागच्या खिडकीतून उतरतो, पाना दातात धरून. मीही उतरलो. अंगभर खाज. ग्रीसला कापूस चिकटतो, त्यामुळे मी घरात शिरलो की गुंजन पोट धरून हसते. सहावीतली पोरगी, हसणारच.

१२ डिसेंबर
रजनीची ऑर्डर आली! यवतमाळच्या शाळेत शिक्षिका. १६ जानेवारीला हजर व्हा, नाहीतर ऑर्डर रद्द. बी.एड. होऊन किती वर्षं वाट पाहिली बिचारीनं. कागद छातीशी धरून रडली. मलाही भरून आलं. लगेच जाहीर केलं, तुला आणि गुंजनला मी कॉन्टेसातून नेणार. ती डोळे पुसत म्हणाली, सकाळी सहाची एसटी आहे ना. मला हसू आलं.

२० डिसेंबर
आज एकटाच आत उतरून स्टिअरिंगवर बसलो. खिडकीकडचा एकच दरवाजा उघडतो, बाकी सगळ्या काचांबाहेर पांढरं. क्षणभर वाटलं आपण इथून कधी निघतच नाही. मग हॉर्न वाजवून पाहिला. वाजतो.

२६ डिसेंबर
दादाला समजावलं. म्हटलं भाव काही वाढत नाही, माणसानं स्वतःला असं फसवू नये. दादा म्हणे, तुह्या गाडीचं काय झालं? विषय बदलायची त्याची जुनी सवय.

५ जानेवारी २००६
यवतमाळहून हेड प्लेन करून आणलं. एसटीनं, मांडीवर घेऊन. मोठा कार्बोरेटर बसला, पाइप बसला. हेडखालचं गॅस्केट, म्हणजे सांधा बंद ठेवणारी पातळ पट्टी, जुनंच शेलॅकचा डिंक लावून बसवलं. नवीन कायले पाहिजे, असं हरिसिंग म्हणे. माझंही तेच मत.

९ जानेवारी
इंजिन सुरू!! काय आवाज!
पाइपातून ठिणग्या निघाल्या आणि कापसावर पडल्या. दादानं पाण्याचा ड्रम उपडा केला, मग बादल्यांवर बादल्या. हात पोळला त्याचा. एक बादली उचलली नाही मी. थोडा कापूस जळला, बराच भिजला. दादा जे बोलला ते लिहीत नाही. भिजलेला कापूस ठेवता येत नाही, म्हणून वाळवून सगळाच १६ तारखेला ट्रकनं यवतमाळला विकायला नेणार म्हणे. म्हणजे शेड मोकळी, तीही नेमकी १६ तारखेला. याला म्हणतात योग.

१५ जानेवारी
रजनी म्हणे, आम्ही एसटीनं जातो. मी चिडलो. नवऱ्यावर एवढाही भरोसा नाही? ट्रक सातपर्यंत भरेल, मागोमाग आपण, बाराच्या आत यवतमाळ. गुंजनची वेणी घालत घालत ती बरं म्हणाली. बरं म्हणाली!

१६ जानेवारी, दुपार
एसटी गेली. ट्रक आलाच नऊला. कापूस भरता भरता साडेअकरा. ट्रकवर दोर बांधेपर्यंत गाडी बाहेर काढली, गाव गोळा झालं. मायलेकी मागे बसल्या, ट्रंक डिकीत. गावाबाहेरच्या पुलापर्यंत झ्याक गेली. मग फट्ट आवाज, बॉनेटमधून वाफ आणि गाडी बंद. गॅस्केट गेलं. इंजिनात ताकद एवढी झाली की गॅस्केटला झेपली नाही. एका अर्थी प्रयोग यशस्वीच.
रजनीनं ट्रंक काढली आणि रस्त्याच्या मधोमध उभी राह्यली. मागून कापसाचा ट्रक आला. दादानं केबिनमधली आपली जागा दोघींना दिली आणि पोळल्या हातानं वर कापसावर चढला. मी ओरडलो, मागून आलोच!

१७ जानेवारी
एसटीडीवरून रजनीचा फोन. पोचली तेव्हा मुख्याध्यापिका ऑफिसला कुलूप लावत होत्या. केसांत कापूस, हातात ऑर्डर. सही झाली. मी म्हटलं, गॅस्केट बसलं की न्यायला येतो. ती म्हणे, न्यायला नका येऊ, इथं खोली पाहिली आहे. भेटायला या. आणि एसटीनं या.

२९ जानेवारी, रविवार
एसटीनं गेलो. खोली लहान, पण ऊन चांगलं येतं. रजनीनं पोहे केले. मी नव्या गॅस्केटचं सांगत होतो. दोघी ऐकून राह्यल्या असं वाटलं, पण रजनीचं लक्ष घड्याळाकडे होतं. शाळेच्या वह्या तपासायच्या होत्या तिला. शनिवारी घरी येत जा म्हटलं, तर म्हणे, तुम्हीच येत जा. इतकी खुश मी तिला घरी कधी पाहिली नाही. फार वाईट वाटलं.
संध्याकाळी दोघी स्टँडवर सोडायला आल्या. बस हलली तशी गुंजन खालून ओरडली, बाबा, जागा मिळाली का? मी म्हटलं, मिळाली, खिडकीची. महागावपर्यंत, म्हणजे जवळपास घरापर्यंत, उभा होतो.