पाच सिस्टरांची शिस्त

२ फेब्रुवारी
चार आठवड्यांचा ऑनलाइन कोर्स संपला. सर्टिफिकेट फ्रिजवर लावलं. आता आमच्या कॉन्व्हेंटच्या बॅचच्या बेचाळीस मुलींसाठी (वय एकोणसाठ, पण मुलीच) वेबसाइट. जुने फोटो, पत्ते, वाढदिवस. सगळं मायक्रोसर्व्हिस पद्धतीने. म्हणजे एकच अगडबंब प्रोग्रॅम नाही. पाच छोटे, एकेकाचं एकच काम. एक आजारी पडला तरी बाकीचे ठणठणीत.
लेकीला डॉक्टरांनी बाळंतपणाची वीस मार्च तारीख दिली आहे. मी एक तारखेलाच तिच्याकडे जाणार. तोवर वेबसाइट आपली आपण चालत असेल. भरपूर वेळ आहे.

५ फेब्रुवारी
पाचही सर्व्हिसना शाळेतल्या सिस्टरांची टोपणनावं दिली. हजेरी सिस्टर, म्हणजे आत कोण येतंय ते बघणार. घंटा सिस्टर निरोप पाठवणार. शिवाय फोटोवाली, पत्तेवाली, वाढदिवसवाली. खऱ्या हजेरी सिस्टर माझी वेणी सैल झाली की रागावायच्या, आणि रागावता रागावता स्वतःच घट्ट बांधून द्यायच्या. डोळे भरून आले. काम झालं नाही.
ह्यांनी विचारलं, एका वहीत नसतं का मावलं? फ्रिजवरच्या सर्टिफिकेटकडे बोट दाखवलं.

१९ फेब्रुवारी, दुपारी ३
सुरू! पाचही सिस्टर जेवणाच्या टेबलावर, माझ्या लॅपटॉपमध्ये. त्यामुळे लॅपटॉप मिटायचा नाही, वायर काढायची नाही, जवळ पाणी आणायचं नाही. स्वयंपाकघरात उभ्याने जेवलो. हे मोठ्याने चावत होते.

२० फेब्रुवारी
एकाही मुलीला आत येता आलं नाही. कारण सापडलं. घंटा सिस्टरने पाठवलेला कोड दाखवल्याशिवाय हजेरी सिस्टर कोणाला आत घेत नाहीत. आणि हजेरी लागल्याशिवाय घंटा सिस्टर कोणाला कोड पाठवत नाहीत. दोघी एकमेकींची वाट बघत बसतात. दोन्ही नियम मीच लिहिले, शिस्त म्हणून. त्याला चूक म्हणता येणार नाही.
तोडगा: मध्ये मी बसायचं. कोणी दारात आली की माझा फोन थरथरतो, मी लॅपटॉपवरचं बटण दाबते, ती आत. तात्पुरतं आहे.

२३ फेब्रुवारी
वर्गाच्या मॉनिटरचा फोन. चाळीस वर्षांत आवाज तसूभर बदललेला नाही. म्हणाली, अगं, बारा मिनिटं तुझ्या दारात ताटकळतेय, होतीस कुठे? आंघोळीला, म्हटलं. म्हणाली, मग पाटी तरी लाव, मालकीण आंघोळीला गेली आहे म्हणून. वर म्हणाली, साधा ग्रुप काढू गं, या वेबसाइटचं काय लोणचं घालायचंय? तिला पूर्वीपासून माझं बघवत नाही. सुंदर हस्ताक्षराचं बक्षीस मला मिळालं होतं.

२७ फेब्रुवारी
नियम दुरुस्त करायला गेले. वाढदिवसवाली पडली. तिच्या पाठोपाठ फोटोवाली, मग पत्तेवाली. एक पडली तरी बाकीच्या उभ्या राहतात हे तत्त्व बरोबरच आहे, हा अपवाद. परत जुनंच लावलं.

१ मार्च
गेले नाही. लेकीला पाच तारीख सांगितली. म्हणाली, आई, बाळ काही तुझी वेबसाइट स्थिर व्हायची वाट बघणार नाही. हसून म्हणाली असावी. फोनवर कळत नाही.

५ मार्च
दहा तारखेला नक्की.

८ मार्च
आठ दिवस उंबरा ओलांडलेला नाही. केस कापणाऱ्या बाईंना घरी बोलावलं. एका हातात फोन, त्यामुळे डावी बाजू जरा आखूड झाली. खिडकीतून समोरच्या गॅलरीतल्या चादरी मोजते. आठवीत तापाने शाळेच्या बोर्डिंगातल्या आजारखोलीत होते तेव्हाही अशाच मोजायचे. पण तेव्हा संध्याकाळी कोणीतरी येऊन कपाळावर हात ठेवायचं.
हे म्हणाले, तू जा, बटण मी दाबतो. ह्यांना टीव्हीचा रिमोट सापडत नाही. नको म्हटलं.

१२ मार्च, सकाळी १०
फोन पहाटेपासून थरथरतोय. बघायलाही नको, एवढी गर्दी! मुली दारात खोळंबल्या आहेत. आज मात्र मीही माणूस आहे. थांबू देत थोडं. फोन टॉवेलांच्या कपाटात, खालच्या कप्प्यात ठेवला. सावकाश केस धुणार.

१२ मार्च, दुपारी १
दारात कोणीच नव्हती. लेकीचे चार फोन, जावयांचे सात.
आठ दिवस आधीच. मुलगी. दोघी सुखरूप.
ही बातमी मला मॉनिटरने सांगितली. म्हणाली, अभिनंदन आजीबाई, नाक डिट्टो तुझं गं! माझा फोन कोणी उचलत नाही, ह्यांचा कायमच बंद, म्हणून जावयांनी तिला गाठलं, आणि तिने फोटो ग्रुपवर टाकला. असा ग्रुप आहे हे मला माहीत नव्हतं. त्यात एक्केचाळीस जणी आहेत.
लॅपटॉप मिटला. काही झालं नाही.

१४ मार्च, लेकीकडे
पाचही सिस्टर दोन दिवस बंद आहेत. एकीनेही विचारलं नाही. मुली समजूतदार आहेत.
बाळाला विहीणबाई आंघोळ घालतात. दुपटी जावई बदलतात. दूध लेक पाजते. कोणी कोणाची वाट बघत नाही. मी विचारलं, मी काय करू? लेक म्हणाली, आई, तू बस गं. आवाजात राग नव्हता. असता तर बरं झालं असतं.
बसले आहे. बाळाला चौथं काही लागतं का, आठवून बघते आहे.