नकार माझ्या नावाने

१२ मार्च, मंगळवार

मी नाही केल्या नामंजूर! किती घसा फोडू? पॅकिंगमधल्या सगळ्या बायकांच्या रजा एका झटक्यात उडाल्या आणि प्रत्येकीच्या खाली नाव माझं. मी सुपरवायझर, रजेचं बटण माझ्याकडे, कबूल. पण नकार पडले सकाळी सहाला, तेव्हा मी घरी तोंड धूत होते! तर म्हणे मोबाईलवरूनही करता येतं.

त्यात वन्संची रजा. त्यांच्या नवऱ्याचं पोटाचं ऑपरेशन येत्या बावीसला, शुक्रवारी. जवळ बसायला दुसरं कोणी नाही. कारखान्यात वन्सं माझ्या हाताखाली, घरात मी त्यांच्या. त्याचंच उट्टं काढलं म्हणे मी! सगळ्यांसमोर म्हणाल्या, "वहिनी, घरातलं भांडण घरात करायचं होतंस."



१३ मार्च

डबा एकटीने खाल्ला. मी जवळ गेले की बायका गप्प.

१४ मार्च, गुरुवार

कॉम्प्युटरवाल्याला खुर्चीतून उठूच दिलं नाही. "माझ्या नावावर काय काय चाललंय ते काढ."

नाव टाकून शोधलं त्याने. निघालं एक काम — कोणी बसलेलं नसताना मागच्या मागे आपोआप चालणारं! रोज सहाला उठतं, आलेल्या रजा नाकारतं, परत झोपतं. चहासुद्धा लागत नाही मेल्याला.

"मावशी, ते तुमच्या खात्यावर चालतंय."

"ते कळलं. लावलं कोणी?"

लावणाऱ्याचं नाव वेगळ्या रकान्यात असतं म्हणे, आणि तो उघडायला साहेबांची परवानगी लागते.

"मग बंद तरी कर."

"त्यालाही परवानगी लागते, मावशी."

मग तुला काय शोभेला बसवलाय?

१५ मार्च

साहेब म्हणाले, "पासवर्ड दिला असाल कुणाला तरी." नाही दिला! "एवढी मोठी ऑर्डर डोक्यावर असताना रजा हव्यातच कशाला?" आणि हसले.

चौकशी होईपर्यंत सुपरवायझरकी काढून घेतली. दिली कुणाला? वन्संना! माझ्या हातून किल्ल्या घेताना वर बघितलंसुद्धा नाही.

१६ मार्च, शनिवार

वन्संनी रजा पुन्हा टाकली. त्यांचं सुपरवायझरचं नवं खातं सोमवारी चालू होणार, मग स्वतःच मंजूर करणार. करा बाई. तुमच्या माणसाचं नीट होऊ दे, माझं बघू मग.

१८ मार्च, सोमवार

वन्सं सकाळी थेट माझ्या टेबलाशी. मोबाईल माझ्यापुढे धरला. रजा नामंजूर, सहा वाजता. नाकारणारीचं नाव — त्यांचंच! सहाला त्या नवऱ्याला अंघोळ घालत होत्या.

"वहिनी..." एवढंच.

मी म्हटलं, "आता स्वतःशीच भांडण काढलंत का?"

हसल्या. मग रडायलाच लागल्या.

दुपारी सगळ्या जणी साहेबांच्या दारात. बोलले मीच. "नावं आमची, हात कुणाचा? तो रकाना बुधवारपर्यंत उघडून दाखवा. नाही दाखवलात तर गुरुवारपासून खोकी त्या आपोआप चालणाऱ्याकडूनच भरून घ्या."