उवेने रेवाला मारू दिलं नाही

कोलोन, शनिवार, नोव्हेंबर २००६

आज आमच्या रेवाची आइस हॉकी टीम हरली. पण डोक्यात घोळतोय तो तिचा कोच, उवे. खेळायचा तेव्हा मारामारीसाठीच प्रसिद्ध होता. नाक अजून वाकडंच आहे.

समोरच्या मुलीने आमच्या गोलकीपरला मुद्दाम पाडलं. रेवा भडकली, "बघतेच तिला!" मी बाकामागेच होते. वाटलं, उवे खूश होणार. पण त्याने तिला अडवलं.

"नाइन, नाही. मला कायम फक्त मारायलाच बर्फावर पाठवायचे. गोल कर, असं कोणीच कधी म्हणालं नाही. तू गोल करायला जा."

त्याचं ते वाकडं नाक लाल झालं होतं. थंडीने असेल?

रेवाचा फटका गोलच्या खांबावर आदळून बाहेर गेला. उवे मात्र गोल झाल्यासारखा टाळ्या वाजवत होता.