न सांडणाऱ्या कपाची वाटणी

मी, विद्यापीठाच्या डिझाइन विभागातून निवृत्त झालेली प्राध्यापिका, हे मृत्युपत्र राहत्या घरी, दाराला आतून कडी लावून, स्वतःच्या हाताने लिहीत आहे. माझे डोके ठिकाणावर असल्याचा डॉक्टरांचा दाखला सोबत जोडला आहे. तो मी आधीच मागून घेतला, कारण मागाहून कोणीतरी उलटा दाखला आणेल. यापूर्वीची माझी सर्व मृत्युपत्रे रद्द समजावीत.

१. न सांडणारा कप ही माझी, आणि माझीच, निर्मिती आहे. कंपवाताने यजमानांचे हात थरथरू लागले तेव्हा मी दोन कानांचा, झाकणाचा कप केला. माझ्यादेखत ते त्यातूनच चहा पीत. मला मात्र शंका होती. एकदा तास रद्द झाला म्हणून न कळवता घरी आले, तर हे साध्या कपातून पीत होते आणि सदराभर चहा सांडला होता.

"माझा कप कुठंय?"

"आहे की. चांगला आहे तो. पण त्यात मी आजारी दिसतो गं."

त्या एका वाक्यावर मी पुढची कित्येक वर्षे काम केले. तळ जड केला, कड आत वळवली, आणि बाहेरून कप चारचौघांसारखा ठेवला. शेवटपर्यंत ते त्यातूनच प्यायले. माझ्या पाठीमागेही. मी खिडकीतून पाहून खात्री केली आहे.

२. विद्यमान विभागप्रमुख माझे विद्यार्थी. मी काहीही बोलले तरी मान डोलवायचे, म्हणून वर्गात त्यांना 'होयबा' म्हणत. मागच्या महिन्यात ते फुले घेऊन आले.

"मॅडम, तुमच्या नावाचं दालन करतोय. कपाचे साचे तेवढे द्या, आणि इथं सही."

मी चष्मा लावून कागद वाचला. माझे नाव फक्त दारावर होते. आत 'विभागाची सामूहिक निर्मिती' असे होते.

"ती नुसती औपचारिकता आहे हो."

"मग नसली तरी चालेल."

सबब साचे, रेखाचित्रे व कपाचे सर्व हक्क कंपवाताच्या रुग्णांच्या मंडळास द्यावेत. अट एकच: कप औषधांच्या दुकानात नव्हे, भांड्यांच्या दुकानात, इतर कपांच्या रांगेत विकावा. माझ्या शोकसभेत होयबा यांना बोलू देऊ नये. ऐकायला बसवावे.

३. धाकटे भावोजी, म्हणजे यजमानांचे भाऊ, हल्ली वरचेवर येतात आणि बोलता बोलता भिंतींवर टिचक्या मारतात. भिंती पक्क्या आहेत. त्यांना यजमानांचे मनगटी घड्याळ द्यावे, भिंती देऊ नयेत.

४. भाची दर रविवारी येते, औषधे लावून ठेवते आणि काहीच मागत नाही. सर्वांत जास्त संशय मला तिचाच होता. परवा सरळ विचारले, "माझ्यामागं तुला काय हवंय?"

ती घुटमळली. "मावशी, खरं सांगू? घर. दरवर्षी कुठला ना कुठला घरमालक आम्हाला बाहेर काढतो. पण तू असेपर्यंत कसं बोलायचं?"

माझा जीव भांड्यात पडला. घर, माझी कामाची हत्यारे व बँकेतील शिल्लक तिला द्यावी. भावोजींनी हरकत घेतल्यास हे कलम त्यांना मोठ्याने वाचून दाखवावे.

साक्षीच्या सहीसाठी बोलावलेल्या शेजारच्या शिंपीणबाईंनी आत्ताच विचारले, "सगळ्यांवर एवढा संशय, मग साक्षीला मी कशी चालते?"

"तुम्हाला यात काहीच मिळत नाही, म्हणून."

"एखादा कप तरी?"

"सही झाल्यावर विकत घ्या."

साक्षीदारांचे निवेदन: मृत्युपत्र लिहून ठेवणारीने आम्हा दोघांसमोर आणि आम्ही तिच्यासमोर सही केली.

सही: निवृत्त प्राध्यापिका
साक्षीदार: १. शेजारच्या शिंपीणबाई २. घरचे डॉक्टर
स्थळ: राहते घर, स्वयंपाकघरातील टेबल
दिनांक: नऊ जुलै २०२५, बुधवार