न संपणारी मेणबत्ती

रविवार, संध्याकाळ

कान अजून गरम आहेत.

मिस्सा झाल्यावर चर्चच्या हॉलमध्ये आमच्या युवक गटाची बैठक होती. रोज सकाळी एकट्यानं प्रार्थनेला बसायचं आणि पेटलेल्या मेणबत्तीचा फोटो ग्रुपवर टाकायचा, ही टूम माझीच. गटाची लीडर ना मी! फादरनी सगळ्यांसमोर शाबासकीही दिली होती.

आज रेश्मानं, गटातल्या सगळ्यात नव्या पोरीनं, हात वर केला. "दीदी, तुमची मेणबत्ती कुठल्या दुकानातली हाय ओ? आमची आठवड्यात संपत्या. तुमची ईस्टरच्या आधीच्या उपवासकाळापासनं तेवढीच हाय की!"

टोमणा असता तर परवडलं असतं. तिला खरंच तसली हवी होती. आणि मी? "चांगल्या मेणाची आहे, गोव्याहून आणलीय." किती पटकन सुचलं! "मग मला पण एक आणा की," म्हणाली. समोर बसलेले फादर माझ्याकडेच बघत होते.

काडी ओढायची, फोटो काढायचा, फुंकर मारायची आणि ऑफिसला पळायचं. मेणबत्ती संपेल कुठून? शेवटची खरी प्रार्थना कधी केली, तेही आठवत नाही.

घरी आल्या आल्या मेणबत्ती लावली. तिच्याशेजारी बसूनच हे लिहितेय. मघाशी आई डोकावली, मी प्रार्थनेला बसलेय असं वाटून हळूच दार ओढून गेली. तिला कसं सांगू? ही प्रार्थनेसाठी लावलीच नाही. उद्याच्या फोटोत जरा बुटकी दिसावी, म्हणून जाळत बसलेय.