मोनालीच्या दातांतली फट

कोपरखैरणे,
मार्गशीर्ष, सन १९९६

तीर्थस्वरूप राहीआक्का,

धाकट्या सयाजीनं इथूनच तुझ्या पायांवर डोकं ठेवलं आहे, आशीर्वाद टपालानं पाठव. गुडघा काय म्हणतो? दाजींचा खोकला बसला का? (बिडी सुटली का असं विचारलं की ते चिडतात, म्हणून खोकल्याचं विचारलं.)

पत्रास कारण आपली मोनाली. राजवर्धनची ही पोर पंधरा वर्षांची झाली आणि हल्ली तोंडावर हात धरल्याशिवाय हसत नाही. वर्गातल्या पोरी तिच्या पुढच्या दातांतल्या फटीला 'खिडकी' म्हणतात. दातांचा डॉक्टर म्हणाला, तार बसवून फट बुजवू. पण खर्च ऐकून राजवर्धनचंच तोंड मिटलं. मी म्हटलं, तुझ्या कारखान्यानं घरादाराच्या आजारपणाचा विमा उतरवलाय, तो काय पूजेला ठेवायचा? आणि नातीला घेऊन मीच विम्याच्या ऑफिसात गेलो.

रिक्षात तिला पढवलं होतं, की साहेबासमोर गाल धरून बसायचं, मधूनमधून कण्हायचं. पण मोठ्या माणसाकडे रिकाम्या हातानं कसं जायचं, म्हणून तू धाडलेल्या भुईमुगाच्या शेंगा नेल्या होत्या. साहेबापुढं ओतल्या. पोर नुसती बसलेली बघवेना, म्हणून मूठभर तिलाही दिल्या. (सवय गं, दुसरं काय!) तिनं पुढच्या दातांनी कटाकट फोडायला सुरुवात केली. साहेब म्हणाले, "आजोबा, दात तर खणखणीत आहेत!" मग त्यांनी समजावलं, की अपघातात दात तुटून इस्पितळात राहावं लागलं तर विमा बघेल, शोभेसाठी काही केलं तर दमडी मिळायची नाही. मी विचारलं, "पोर हसायची थांबली, हा आजार नव्हे का?" "असेल हो, पण आमच्या यादीत नाही," म्हणाले आणि त्यांनी एक शेंग सोलली.

परतताना आई आठवत राहिली. अशीच फट. ती खळ्यावर हसली की पलीकडच्या शिवारातली माणसंही उगाच हसायची. तुझ्यातही तीच उतरली. तुला बघायला आले तेव्हा चुलतीनं ओठ मिटून बस म्हणून बजावलं होतं, आणि वासरानं पाहुण्याचा पटका चाटला तशी तू खदखदून हसलीस! दाजी अजून सांगतात, पसंती तिथंच झाली.

बाकी सगळे खुशाल. पोराबाळांना जवळ घेऊन माझा मुका दे.

तुझा,
सयाजी

ता. क. विम्याचं जाऊ दे. तूच ये. महिनाभर राहा आणि पोरीसमोर, तोंडाला पदर न लावता हस. माझं तिला पटत नाही. म्हणते, "आबा, तुमाला काय टेन्शन, तुमची कवळी एकदम सरळ आहे!"

ता. क. दुसरा. साहेबानं नाही म्हटलं तेव्हा मला मनातून बरंच वाटलं. हे पोरीला सांगू नकोस. तू येऊन गेल्यावरही तिला तार हवीच असेल तर बसवून देईन, पोस्टातले पैसे मोडीन. फक्त डॉक्टरकडे न्यायच्या आदल्या दिवशी तिला एकदा पोटभर हसवीन म्हणतो. आईचा फोटो आपल्याकडे नाही ना, आक्का.