कासाबाईंचा डोळा आणि सत्तावीस प्रश्न

१ डिसेंबर १९४५, सोनपेठ

आजपासून रोजनिशी. शोधकार्य करणाऱ्यानं रोजची नोंद ठेवावी, असं एका मद्रासी वैद्यकीय मासिकात वाचलं. त्याच अंकात विलायतेतल्या एका डॉक्टरचा लेख आहे. त्यानं पेशंटांना विचारलं, ऑपरेशन तुम्हाला कसं वाटलं? बस्, एवढंच. त्यावर केवढं नाव! मी या सरकारी दवाखान्यात अकरा वर्षं डॉक्टर आहे आणि हे मला सुचलं नाही. आता सुचलं आहे.

मार्चमध्ये हैदराबादला डॉक्टरांची परिषद. माझा पेपर: 'शस्त्रक्रियेविषयी ग्रामीण पेशंटांचे मत'. पेपर गाजला की तबादला थेट हैदराबादला.

कंपाउंडर लिंबाजीला सांगितलं. तो म्हणाला, "पन साहेब, मत इचारायला आदी शस्त्रक्रिया व्हाया लागंल की." लिंबाजी तपशिलात फार अडकतो.

३ डिसेंबर, बाजारचा दिवस

पेशंट मिळाली! कासाबाई, वय साठ-पासष्ट, मेंढरं राखणाऱ्यांच्या घरातली. दोन कोसांवरून मुलाच्या, ग्यानबाच्या, खांद्यावर हात ठेवून आली. दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू, उत्तम पिकलेले. मी ऑपरेशन म्हणताच लोक उठून जातात. ही म्हणाली, "करा. आजच करा."

एवढी घाई शास्त्राला चालत नाही. पुढच्या बाजारी नक्की.

१० डिसेंबर

ढगाळ. ऑपरेशनला उजेड हवा, म्हणून पुढं ढकललं. (लिंबाजीच्या मते ऊन होतं. त्याला ऊन कळतं, उजेड कळत नाही.)

दिवस वाया घालवला नाही. सत्तावीस प्रश्नांचा फॉर्म तयार केला. प्रश्न चौथा: दिसू लागल्यावर काय कराल? कासाबाई म्हणाली, "सुनंचा हात धरून पानंदीला जाया लागतंय, डाक्टरसाहेब. ती बिचारी काय म्हनत न्हाई. पन मला लाज वाटतीय. तेवढं सुटलं तरी बास."

पानंदीला, म्हणजे शौचाला, जाणं परिषदेपुढं कसं वाचणार? 'धार्मिक ग्रंथांचे वाचन' असं लिहिलं. बाईंना अक्षरओळख नाही; पण परिषदेला ते कुठं माहीत आहे?

१३ डिसेंबर

मोतीबिंदू शेवटचा कधी काढला ते आठवत नाही. म्हणजे आठवतं, १९३६. हात बसलेला आहेच, तरी खाटकाकडून बकऱ्याचे चार डोळे मागवले. बकऱ्याचा डोळा माणसाच्या डोळ्यापेक्षा फारच निसरडा. पाती सटकून माझ्या डाव्या हाताच्या बोटात गेली. लिंबाजीनं विचारलं, टाका घालू का? गरज नाही, असं मी तीनदा सांगितलं. तिसऱ्यांदा जरा मोठ्यानं.

१७ डिसेंबर

बोटाला पट्टी. ऑपरेशन अशक्य. ग्यानबाला सांगितलं, पुढच्या बाजारी. तो म्हणाला, "साहेब, दर बाजाराला माझी शेरडं दुसऱ्याच्या भरोशावर सोडून यावं लागायलंय." त्याला शोधकार्याचं महत्त्व समजावलं. तो बराच वेळ माझ्या बोटाकडं बघत होता.

२४ डिसेंबर

नवा विचार, आणि मोठा विचार! ऑपरेशन न झालेल्यांचंही मत का घेऊ नये? संख्या वाढते. दवाखान्यात आलेल्या सगळ्यांना फॉर्म.

खोकल्याचा पेशंट: "मत? आमाला कुठलं आलंय मत साहेब? मत पाटलाला हाय."

गळवाचा पेशंट: "शस्त्रक्रिया लय चांगली. आमच्या भावकीतल्या सटवाजीची करा. आज करा."

तानुबाई, तापाची: "कापायच्या आदी मानूस बेशुद्ध करत्यात, खरं का? मग माज्या नवऱ्याला तेवढं पहिलं करा. दुसरं काय न्हाई केलं तरी चालंल."

एकूण नऊ मतं. कासाबाई ओट्यावर बसून होती. तिला पुढची तारीख दिली.

३१ डिसेंबर

अपूर्व यश! बाजारात बातमी पसरली की सरकार रयतेचं मत विचारायलंय. दुपारपर्यंत दवाखान्यापुढं दीडशे माणूस. कुणी आजारी नाही. पहिल्या प्रश्नाला लोक म्हणाले, लेव्हीवाले सक्तीनं धान्य नेतात, घरात खायला ज्वारी ठेवत नाहीत. दुसऱ्याला म्हणाले, रस्ता. एका म्हाताऱ्यानं सत्तावीसही प्रश्नांना एकच उत्तर दिलं, तेही तलाठ्याविषयी. अवयवाचं नाव घेऊन दिलं, त्यामुळं ते शस्त्रक्रियेत बसवता आलं.

कासाबाईचा आणि मागचे धरून एकूण त्रेचाळीस फॉर्म भरले. गर्दीत कासाबाईला कुणीतरी ढकललं. ग्यानबा तिला घेऊन लवकर गेला.

२ जानेवारी १९४६

पोलीस अमीनसाहेब स्वतः आले. "डाक्टरसाब, ये क्या जलसा लगाए तुम? राय लेने का हुकूम किसने दिया?" मी विषय समजावला. त्यांनी इतका रस घेतला की त्रेचाळीसच्या त्रेचाळीस फॉर्म वाचायला बरोबर नेले. शिकलेला माणूस.

१९ जानेवारी

फॉर्म परत आले नाहीत. उलट माझ्याकडून लेखी खुलासा मागवला आहे. लिहून दिलं: सदर मतांमध्ये कोणतेही मत नाही. त्यावर शेरा आला: यापुढं मत विचारायचं असल्यास काय मत निघणार ते आगाऊ कळवून मंजुरी घ्यावी.

लिंबाजी म्हणाला, "साहेब, त्यापरीस डोळा कापलेला सोपा." ठरलं. ४ फेब्रुवारी. आता माघार नाही.

४ फेब्रुवारी

लख्ख ऊन. बोट बरं. हत्यारं उकळली. कासाबाई टेबलावर, अंगावर स्वच्छ चादर. म्हणाली, "आता हललेच तर माज्या थोबाडीत मारा, पन थांबू नका." लिंबाजीनं कोकेनचे थेंब घातले, डोळा बधिर झाला. मी पाती हातात घेतली.

तेवढ्यात लक्षात आलं, ऑपरेशनपूर्वीचं मत घ्यायचं राहिलंच! तिचा जुना फॉर्म अमीनसाहेबांकडं. आता कापलं असतं तर तुलना कशाशी? पाती ठेवली, दौत मागवली. सत्तावीस प्रश्न नीट, सावकाश विचारले. एकविसाव्याला थेंबांचा असर उतरला. लिंबाजी म्हणाला, पुन्हा घालतो. मी म्हणालो, एका दिवशी दोनदा नको.

कासाबाई उठून बसली. "डोळा बधिर केला व्हता तुमी, डाक्टरसाहेब. तो आला ताळ्यावर. आता कान बधिर झाल्यात."

ग्यानबा आईला पाठकुळी घेऊन गेला.

११ फेब्रुवारी

कासाबाई आली नाही. लिंबाजीनं बाजारात चौकशी केली. ग्यानबानं दोन शेरडं विकली, गाडीनं गंगाखेडला आणि तिथून रेल्वेनं परभणीला मोठ्या दवाखान्यात तिला नेलं. योग्यच झालं. म्हणजे मीच पाठवलं असं म्हणायला हरकत नाही. रजिस्टरमध्ये तशी नोंद केली.

५ मार्च

परिषदेला पेपर पाठवला होता, वीस पानं. उत्तर एका ओळीचं: एकूण ऑपरेशनांची संख्या कळवावी. कळवलं: तयारी पूर्ण. पुन्हा उत्तर नाही. हैदराबादचं टपाल हल्ली फार ढिलं झालं आहे.

१ एप्रिल

आज सकाळी दवाखान्यात एक म्हातारी आली. जाड भिंगाचा चष्मा, हातात काठी, सोबत कुणी नाही. आत येऊन तिनं लिंबाजीला वाकून नमस्कार केला. म्हणाली, "डाक्टरसाहेब, तुमी थेंब घातले तवाच मला धीर आला व्हता." लिंबाजीनं माझ्याकडं बोट केलं. तिनं चष्मा वर-खाली करून मला पाहिलं. "ह्ये व्हय? आवाजावरनं लय थोराड वाटले व्हते."

कासाबाई. दोन कोस एकटी चालत आली.

मी विचारलं, काय त्रास होतोय? त्रास काहीच नाही. "मागून काय वाटलं ते इचारनार म्हनला व्हता ना? आमच्या घरातलं कुनी बी मला कंदी इचारीत न्हाई, काय वाटलं म्हनून. तुमी इचारलं व्हतं. म्हनून आले."

मी फॉर्म काढला. दौत उघडताना शाई सांडली. प्रश्न पहिला: ऑपरेशनपूर्वी भीती वाटली का?

"तुमच्याकडं वाटली. तिथं त्येनं येळच न्हाई दिला. काय बी इचारलं न्हाई, नुसतं केलं."

चौथा प्रश्न विचारायची गरज नव्हती. तिनं आपणहून सांगितलं, "सुनंला आता पहाटचं उठवावं लागत न्हाई." मी तसंच्या तसं लिहून घेतलं.

मग ती पुढं वाकली आणि अगदी मायेनं तिनंच मला विचारलं, "तुमी कंदी कुनाचा डोळा कापलाय का वो, डाक्टरसाहेब? का तुमाला बी भ्या वाटतंय?"

लिंबाजी बाटल्या पुसायचा थांबला. १९३६ सांगणार होतो. पण त्या वर्षी जिचा डोळा कापला, तिला पुढं दिसलं की नाही ते लिंबाजीला माहीत आहे.

वाटतं, म्हणालो.

"वाटायचंच," ती म्हणाली, आणि फॉर्मवर अंगठा उठवून काठी टेकत गेली.